पाखरांनी ठरवलेलं अंतर

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागून यवत, चौफुला, पाटस मागे टाकलं की हिवाळ्यात सगळा रस्ता उसाचा होऊन जातो. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, कडेने संथ चाललेल्या बैलगाड्या, डांबरावर सांडलेलं पाचट. कुरकुंभ ओलांडल्यावर डाव्या हाताला दूरवर पाणी चमकतं आणि भिगवण जवळ आल्याचं कळतं. हे पाणी भीमेचं. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इथवर पसरला. काठची गावं उठून उंचावर बसली. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ पाण्यात गेलं. पाणी फार उतरलं की ते आजही उघडं पडतं. शेतं बुडाली तिथे गाळाचं उथळ पाणी आलं, आणि त्या पाण्यावर दर हिवाळ्यात हजारो पाखरं उतरू लागली.

या वेळी मी आणि माझी भाची भिगवणला निघालो, ते पाखरं बघायला आणि घरातला एक वाद मिटवायला. आम्हा दोघींत मिळून एकच चांगला कॅमेरा घ्यायचा होता. भाचीचा कल मिररलेसकडे, माझा सुपरझूमकडे. दुकानात उभं राहून, काउंटरवरच्या कॅलेंडरचे फोटो काढून हा निकाल लागत नाही. म्हणून पुण्यात दोन्ही प्रकारचे कॅमेरे भाड्याने घेतले आणि कुंभारगावातल्या एका मच्छीमार कुटुंबाच्या घरी मुक्कामाला आलो.

दोन्हींची जात वेगळी आहे, ती आधी सांगायला हवी. जुन्या डीएसएलआरमध्ये भिंगामागे एक आरसा असायचा. भिंगातून आलेलं चित्र तो वर डोळ्याकडे वळवायचा आणि फोटो काढताना फटकन बाजूला व्हायचा. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला. सेन्सरवर पडलेलं चित्र थेट व्ह्यूफाइंडरच्या इवल्या पडद्यावर दिसतं, त्यामुळे कॅमेऱ्याचं अंग लहान झालं. भिंगं मात्र बदलता येतात. या जातीचा पहिला कॅमेरा पॅनासोनिकने २००८ साली आणला. आता बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांचा भर याच कॅमेऱ्यांवर आहे. सुपरझूमचा मार्ग उलटा. त्याचं भिंग अंगाला कायमचं जोडलेलं असतं आणि सेन्सर नखाएवढा असतो. सेन्सर इतका लहान असल्यामुळेच त्या एका भिंगाची पोच अफाट होते. निकॉनने २०१५ साली ८३ पट झूमचा कॅमेरा काढला आणि २०१८ साली १२५ पट झूमचा, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात ३००० मिमी. त्याहून छोटे, खिशात मावणारे सुपरझूमही मिळतात. साधारण ३०-४० पट झूम, वजन तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. पण त्यांतल्या काहींना डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडरच नसतो आणि भर उन्हात नुसत्या पडद्यावर दूरचं पाखरू शोधणं फार कठीण जातं. म्हणून मी डोळ्याला लावता येणारा, ८३ पट झूमचा घेतला.

रात्री खाटेवर दोन्ही पिशव्या उघडल्या तेव्हा पहिला गैरसमज गळून पडला. सुपरझूम हलका आणि मिररलेस जड, असं सगळेच म्हणतात. माझ्या सुपरझूमचं वजन एक किलोच्या किंचित वर होतं. भाचीचा मिररलेस साडेचारशे ग्रॅमचा, त्याचं १६-५० मिमीचं छोटं भिंग १३५ ग्रॅमचं आणि ५०-२५० मिमीचं लांब भिंग चारशे पाच ग्रॅमचं. बेरीज केली तर तीही एक किलोच्या आसपासच. फरक होता तो वाटणीत. माझं सगळं वजन एकाच पट्ट्याला गळ्यात लटकणार होतं. तिचं काही वजन पिशवीत राहणार होतं, पण भिंग बदलताना डगमगत्या होडीत दोन्ही हात गुंतणार होते. शिवाय भिंग काढलं की मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो. समोर आरसा नाही आणि बऱ्याच मॉडेलांत पडदाही मिटलेला नसतो. भिगवणच्या पाण्यावर धूळ कमी, पण काठच्या कच्च्या रस्त्यावर भरपूर.

पहाटे काठावर येऊन होडीत बसलो तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती. नावाडीदादांनी थोडं अंतर मोटर चालवली आणि मग बंद केली. पुढे लांब बांबू गाळात रोवत होडी ढकलायला सुरुवात केली. पाणी इतकं उथळ की बांबूचा बराचसा भाग कोरडाच राहत होता. पूर्वेला नुसता तांबूस पट्टा होता. त्या उजेडात भाचीने छोटं भिंग लावून समोरचं पाणी, वाफ, मासेमारीच्या जाळ्याचे बांबू आणि दूरवर रोहित पक्ष्यांची फिकट रेघ असा फोटो काढला. मीही तोच काढला. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवले. तिच्या फोटोत वाफेचे थर सुटे दिसत होते आणि पाण्याच्या काळोख्या भागातही रंग होता. माझ्या फोटोत काळोखा भाग रवाळ झाला होता, आणि तो रवाळपणा पुसायच्या खटपटीत कॅमेऱ्याने वाफेचे थरही एकमेकांत मिसळून टाकले होते.

याचं कारण हिशेबाने कळतं. कॅमेऱ्यात किती उजेड शिरतो, ते भिंगाच्या छिद्राच्या व्यासावर ठरतं, आणि तो व्यास म्हणजे भिंगाची खरी लांबी भागिले एफचा आकडा. सुपरझूमच्या भिंगाची खरी लांबी झूम न करता फक्त ४.३ मिमी असते, एफ २.८. म्हणजे छिद्र दीड मिलिमीटरचं. भाचीच्या छोट्या भिंगाची लांबी १६ मिमी, एफ ३.५, म्हणजे छिद्र साडेचार मिलिमीटरच्या वर. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. दोघींसमोर देखावा तोच होता, पण तिच्या कॅमेऱ्यात नऊपट उजेड गेला. त्या पहाटेच्या फोटोत नेमका हाच फरक दिसत होता.

मग सूर्य वर आला आणि आम्ही रोहित पक्ष्यांच्या दिशेने सरकलो. नावाडीदादांनी बरंच अलीकडे, अंदाजे शंभर मीटरवर होडी थांबवली. भाचीने लांब भिंग लावलं. तिच्या सेन्सरचा आकार लक्षात घेता २५० मिमीची पोच ३७५ मिमीइतकी होते. शंभर मीटरवर तिच्या चौकटीत साडेनऊ मीटर रुंदीचं दृश्य मावत होतं. त्यात उभा रोहित म्हणजे चौकटीचा छोटासा तुकडा. माझ्या कॅमेऱ्याची पोच २००० मिमी. तेवढ्याच अंतरावर माझ्या चौकटीची रुंदी होती १.८ मीटर. रोहित उभा राहतो सव्वा ते दीड मीटर. कॅमेरा उभा धरला की एकच पक्षी नखापासून माथ्यापर्यंत चौकटीत बसत होता.

तो पक्षी मी कितीतरी वेळ बघत राहिले. रोहित चोच उलटी धरून खातो. मान खाली सोडतो, चोचीचा वरचा भाग तळाशी आणि खालचा वर, आणि गाळाचं पाणी आत ओढून बाहेर फेकत अन्न गाळून घेतो. पुस्तकात हे वाचलं होतं. आता चोचीच्या काळ्या टोकाशी पाण्याच्या बारीक लहरी उठताना दिसत होत्या. गळ्याचा एक भाग एका लयीत हलत होता. मान वर आली तेव्हा चोचीवरून चिखलाचं पाणी ओघळलं. फिकट पिवळा डोळा स्वच्छ दिसला, त्यातली काळी बाहुलीही. पंखांच्या कडेला पांढऱ्याखाली लपलेला गडद लाल रंग डोकावत होता. शेजारचं पिल्लू अजून राखाडी होतं. पिसांतली लाली शेवाळ आणि बारीक कवचधारी जिवांमधल्या रंगद्रव्यातून येते आणि ती अंगात उतरायला वर्षं जातात. हे सगळं मी शंभर मीटरवरून बघत होते आणि त्या पक्ष्याच्या खाण्यात एका क्षणाचाही खंड पडला नव्हता.

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. लहान सेन्सर म्हणजे कमी उजेड, हे विधान दूरच्या पक्ष्यापुरतं अर्धंच खरं आहे. पूर्ण झूमला सुपरझूमच्या भिंगाची खरी लांबी ३५७ मिमी होते, एफ ६.५. छिद्राचा व्यास पंचावन्न मिलिमीटर. भाचीचं भिंग २५० मिमी, एफ ६.३. छिद्र चाळीस मिलिमीटर. म्हणजे त्या एका रोहिताच्या अंगावरून निघालेला उजेड माझ्या कॅमेऱ्यात जवळपास दुप्पट शिरत होता. जवळच्या आणि रुंद दृश्यात हरणारा कॅमेरा दूरच्या दृश्यात जिंकतो, तो असा. मोठ्या सेन्सरवर हीच पोच हवी असेल तर काय लागेल, तेही बघा. फुलफ्रेम कॅमेऱ्यासाठी २००० मिमी, एफ ६.५ असं भिंग बनवायचं तर समोरच्या काचेचा व्यास तीनशे मिलिमीटरच्या वर जाईल. तसली वस्तू कुणी गळ्यात अडकवून होडीत बसत नाही.

आम्ही थांबलो होतो तिथे दुसरी एक होडी मागून आली आणि पुढे निघून गेली. मोटर चालूच होती. होडीतल्या लोकांकडे मोबाइल होते आणि एकाकडे छोट्या भिंगाचा कॅमेरा. ‘अजून जवळ घ्या, अजून जवळ’ असं ते नावाड्याला सांगत होते. आधी कडेच्या पक्ष्यांनी माना वर केल्या. मग खाणं थांबलं. मग सगळा थवा एकाच दिशेला चालायला लागला. ही तीन लक्षणं दिसली की समजावं, पाखरांनी आखलेली रेघ आपण ओलांडली आहे. होडी थांबली नाही. थवा पाण्यावरून धावत सुटला आणि उडाला. पंख उघडताच आतला लाल आणि काळा रंग पेटून उठला, होडीत आरडाओरडा झाला, फोटो निघाले. याच रंगामुळे त्यांना अग्निपंख म्हणतात आणि याच फोटोसाठी त्यांना पुन्हा पुन्हा उठवलं जातं.

नावाडीदादा बांबू टेकवून उभे होते. म्हणाले, “ताई, सकाळपासनं किती येळा उठायचं त्यांनी? खायला आल्यात इथं ती.”

भाची गप्प झाली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “मावशी, माझ्या भिंगाने फोटो हवा असता तर मीही नावाडीदादांना पुढे घ्या म्हटलं असतं.”

तिच्या त्या वाक्यात मला सगळ्या वादाचं मूळ सापडलं. कोणता कॅमेरा चांगला, हा प्रश्न आपण नेहमी चित्राच्या बाजूने विचारतो: रवाळपणा किती, रंग कसे, पार्श्वभूमी किती धूसर. प्रवासात त्याच्या आधी एक प्रश्न येतो. मी जे बघायला आले आहे, त्याच्यापासून किती अंतरावर राहणं योग्य आहे, आणि ते अंतर कोण ठरवणार? माणसाशी बोलून अंतर कमी करता येतं. देवळात, बाजारात, स्वयंपाकघरात परवानगी मागून जवळ जाता येतं. पाखरांकडे परवानगी मागायची सोय नाही. तिथलं अंतर त्यांनीच ठरवलेलं असतं आणि आपण ते पाळायचं असतं. कॅमेरा असा हवा की तेवढ्या अंतरावरूनही हातात काहीतरी लागावं. नाहीतर हाव वाढते आणि होडी पुढे सरकते.

सुपरझूमचा कमकुवतपणा मात्र पुढच्याच तासात समोर आला. परतीच्या वाटेवर जाळी उचलणाऱ्या मच्छीमारांभोवती कुरव आणि नदी सुरय घिरट्या घालत होते. पाच-दहा मीटरवरून डोक्यावरून जायचे, अंग तिरपं करून पाण्यावर सूर मारायचे. भाचीचा कॅमेरा त्या वेळी कामात मुरलेल्या माणसासारखा चालत होता. तिच्या सेन्सरवरच फेज पद्धतीचे फोकस बिंदू आहेत. पक्षी पुढे येतोय की मागे जातोय आणि किती, हे त्यांना एका मोजणीत कळतं. माझ्या कॅमेऱ्याची पद्धत कॉन्ट्रास्टची. तो भिंग पुढे-मागे सरकवून चित्र कुठे सर्वांत ठळक होतं ते शोधतो. बसलेल्या पक्ष्याला हे चालतं. सूर मारणाऱ्या सुरयीचं काम तोवर आटोपलेलं असतं. त्यात पूर्ण झूमला दृश्याचा कोन जेमतेम एक अंश, त्यामुळे पक्षी क्षणात चौकटीबाहेर. भिंगाच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो, पक्षी पुन्हा सापडतो, सोडलं की झूम होता तिथे जातो. या बटणाची सवय लागली तेव्हा कवड्या खंड्याने साथ दिली. तो मासा हेरताना हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो. तेवढ्या अवधीत मला त्याचा फोटो मिळाला. उडणाऱ्या पाखरांचे फोटो हाच ज्यांचा ध्यास आहे, त्यांनी मात्र मिररलेसच घ्यावा. नवीन मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारी सोयही आली आहे.

काठाजवळच्या पट्टीवर पट्टकादंब बसले होते. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेले हे राखाडी हंस हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या वर उडाल्याच्या त्यांच्या नोंदी आहेत. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर सापडले आहेत, आणि ते ओळखले गेले ते कुणीतरी दुरून तो क्रमांक वाचल्यामुळे. मी एकेकाचा गळा आणि पाय झूम करून तपासले. पट्टी कुणालाच नव्हती. पण असती, तर तो क्रमांक मला वाचता आला असता. फोटो सुंदर येणं आणि फोटोतून काही कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षी बघणाऱ्याला दुसरी गोष्ट कितीतरी वेळा जास्त मोलाची असते.

दुपारी चिंकारा बघायला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात गेलो. चिंकारा दिसले, दूर, बाभळीच्या सावलीला. आणि इथे दोन्ही कॅमेरे सारखेच हतबल झाले. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा उजेड वेडावाकडा वाकवते. मधे दोन-तीनशे मीटर तशी हवा असली की चिंकाऱ्याचे पाय पाण्यात हलल्यासारखे दिसतात. झूम जितका जास्त, तितकी ती हवाही चित्रात मोठी होऊन येते. यावर कोणत्याही भिंगात इलाज नाही. इलाज एकच, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर येणं. सुपरझूम घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पोच कागदावर २००० मिमी असली तरी दुपारी तिचा उपयोग निम्माही होत नाही.

रात्री मुक्कामाच्या घरच्या मावशींनी चुलीवर तवा टाकला. चिलापीला हळद, मीठ, लाल तिखट आणि लसूण चोळून तासभर ठेवलं होतं. खोलीत एक मंद दिवा आणि बाकी सगळा उजेड चुलीचा. भाचीने विचारलं, “फोटो काढू का?” मावशी हसून म्हणाल्या, “काढ की, पण मासं करपायच्या आत काढ.” तिने तिसरं भिंग लावलं, ४० मिमी, एफ २, एकशे सत्तर ग्रॅमचं, तळहातात मावणारं. त्याचं छिद्र वीस मिलिमीटरचं. त्या फोटोत मावशींच्या कपाळावरचा घाम आहे, गालावर जाळाचा तांबूस उजेड आहे, तव्यावरची वाफ आहे आणि मागची मांडणीतली भांडी हळूहळू अंधारात विरत गेली आहेत. माझ्या सुपरझूमला तिथे काहीही जमलं नाही. मोबाइलला जमलं. त्याने झटपट बरेच फोटो घेऊन त्यांतून एक घडवला, उजेड सगळीकडे सारखा पसरवला. फोटो स्वच्छ होता, पण चुलीजवळचा उजेड आणि कोपऱ्यातला अंधार यांच्यातलं अंतर त्याने पुसून टाकलं होतं. घराघरांत वावरत, माणसं आणि सणवार टिपत फिरणारा प्रवासी असेल तर त्याने मिररलेस आणि असं एक उजळ भिंग घ्यावं. दुसरा विचार करू नये.

पुण्याला परतल्यावर सगळे फोटो टीव्हीवर लावले. निवड करताना ही पायरी कुणी गाळू नये. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. भाचीच्या फोटोतला रोहित कापून माझ्या चौकटीएवढा केला, तर तिच्या दोन कोटी पिक्सेलांतले जेमतेम सात लाख उरत होते. फोनवर पाठवायला तेवढे पुरतात. ४के टीव्हीचा पडदा ८३ लाख पिक्सेलचा असतो. तिथे पिसं जाऊन डाग उरले. माझ्या फोटोत पिक्सेल एक कोटी साठ लाख होते, पण तेही सगळे खरे नाहीत. एफ ६.५ च्या छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि एका बिंदूचा सेन्सरवर आठ-नऊ मायक्रॉनचा ठिपका होतो. त्या सेन्सरचा पिक्सेल सव्वा ते दीड मायक्रॉनचा. एक ठिपका सहा पिक्सेलांची रुंदी अडवून बसतो. म्हणून शंभर टक्के मोठं करून पाहिलं की चित्र मऊ दिसतं. तरीही टीव्हीवर, डायरीत लावायच्या छापील फोटोत, जात ओळखण्यासाठी ते भरपूर होतं.

आमचा निर्णय त्या रात्री झाला. आम्ही दोघी घराबाहेर पडतो ते पाखरं आणि जनावरं बघायला. भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, ताडोबा, मेळघाट हीच आमची ठिकाणं. घरातली माणसं, ताटातलं जेवण, डोंगररांगा यांच्यासाठी दोघींच्या हातात फोन आहे आणि जवळच्या कामात तो दरवर्षी सुधारतो आहे. दूरचं दाखवणं फोनला अजून नीट जमत नाही. म्हणून दुसरं यंत्र घ्यायचं तर फोनला न जमणारं काम करणारं घ्यावं. आम्ही सुपरझूम घेतला. हा निर्णय आधी बोलून दाखवला तो भाचीने.

त्यात काय सोडलं, तेही मी स्पष्ट सांगते. पहाटेच्या वाफेचा तो फोटो सोडला, सुरयीची झेप सोडली, चुलीपुढचा तो चेहरा सोडला. वाढवत नेण्याची सोयही सोडली. मिररलेसला पुढे पैसे जमतील तसं भिंग घेता येतं, आणि कॅमेरा बदलला तरी भिंगं कामी येतात. सुपरझूम आहे तसाच राहतो. त्याच्या आत धूळ शिरली तर घरी काढता येत नाही. पावसाळ्यात त्याला आणि कोणत्याही भिंगाला बुरशीचा धोका असतोच. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या. बॅटरीचंही दोन्हीकडे सारखंच, एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या आसपास फोटो. जास्तीची एक बॅटरी लागतेच.

कुणी मला विचारलं तर मी आधी कॅमेऱ्याचं नाव सांगणार नाही. मागच्या वर्षभरातले तुमचे आवडते फोटो काढा आणि प्रत्येकात तुम्ही विषयापासून किती दूर होता ते बघा, असं सांगेन. बहुतेक फोटो हाताच्या अंतरावरचे असतील, संध्याकाळचे, माणसांचे, घराच्या आतले, तर मिररलेस घ्या आणि पहिल्या पैशातून एक उजळ भिंग घ्या. बहुतेक फोटो पाण्यापलीकडचे, झाडाच्या शेंड्यावरचे, उन्हातले असतील, तर सुपरझूम घ्या आणि त्याला पहाटेआधीचं काम सांगू नका. ठरत नसेल तर दोन्ही भाड्याने घेऊन जवळच्या एखाद्या तळ्यावर जा. आणि हातात कोणताही कॅमेरा असो, थव्यातल्या पहिल्या पक्ष्याने मान वर केली की नावाड्याला होडी तिथेच थांबवायला सांगा. त्या अंतरावरून जो फोटो येईल, तोच आपला.